नेरुळची खाडी, औट गुंठे आणि एक कर्ण

हे वाचताना घाई करू नका. जिथे ‘थांबा’ म्हटलं आहे तिथे खरोखर थांबा, वाटलं तर डोळे मिटा. झेरॉक्सचा एक कोरा कागद जवळ असू द्या, ए-फोर आकाराचा. अर्ध्या वाटेवर तो लागेल. पेन नको, कॅल्क्युलेटर तर नकोच.

डोळ्यांसमोर नेरुळ-सीवूड्सचा खाडीकाठ आणा. फेब्रुवारीतली सकाळ, ओहोटी लागलेली. चिखल उघडा पडला आहे आणि फ्लेमिंगो माना खाली घालून त्यात चोची फिरवताहेत. मागे पाम बीच रोडवर गाड्यांचा आवाज आहे. असू दे.

आता मोजा. एक पक्षी. दोन. तीन. चार. थवा थोडा सरकतो, हिशेब चुकतो, पुन्हा एकपासून. मोजताना पक्ष्याचं वय, रंग, नर की मादी हे सगळं बाजूला पडतं आणि उरतं ते फक्त ‘अजून एक’. नैसर्गिक संख्या म्हणजे एवढंच. एक ही पहिली, आणि प्रत्येकीला तिच्या लगेच पुढची अशी एक. पहिली आहे, पुढची आहे, शेवटची मात्र नाही.

थांबा. या गोष्टी मनात नीट बसू द्या. यातल्या ‘पहिली आहे’ आणि ‘लगेच पुढची आहे’ या दोन्ही आपल्या हातून जाणार आहेत. शाळेत संख्यांचे प्रकार शिकवताना दर पायरीवर नवीन काय मिळालं ते सांगतात. काय सोडावं लागलं ते सहसा कुणी सांगत नाही. माझ्या मते फरक कळतो तो तिथे. म्हणून आपण दोन्ही पाहू, आणि सोडलेल्याकडे जरा जास्त वेळ पाहू.

जुन्या काळी कल्याण बंदरातून जुन्नरकडे माल जायचा तो नाणेघाटातून. त्या घाटातल्या लेण्यात सातवाहनांची राणी नागनिका हिचा ब्राह्मी शिलालेख आहे, सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचा. यज्ञांत दिलेल्या दक्षिणांची ती यादी आहे: एके ठिकाणी बारा गाई आणि एक घोडा, पुढे शेकड्यांनी आणि हजारांनी. दहाला वेगळं चिन्ह, शंभराला वेगळं, हजाराला वेगळं. बारा लिहायचे तर दहाचं चिन्ह काढायचं आणि शेजारी दोनचं. शून्य कुठेच नाही, आणि त्यावाचून राणीचं काही अडलेलंही दिसत नाही. दिलेल्या गाई कोरून ठेवायच्या असतात. न दिलेल्या कोण कोरेल?

आता मनातला महिना बदला. जुलै आहे, पाऊस लागला आहे, चिखल पाण्याखाली गेला आहे आणि थवे उडून गेले आहेत. किती पक्षी दिसतात? ‘एकही नाही’ असं म्हणून घरी जाता येतं. पण पक्षी मोजणारा माणूस घरी जात नाही, तो वहीत ० लिहितो. त्या शून्याची नंतर बेरीज होते, सरासरीत ते धरलं जातं, पुढच्या वर्षीच्या आकड्याशी त्याची तुलना होते. नसण्यालाही मोजणीत जागा मिळाली. नैसर्गिक संख्यांत शून्य मिळवलं की त्या पूर्ण संख्या झाल्या. पाठ्यपुस्तकात हा फरक एका ओळीत उरकतो, आणि तो आहेही एकाच संख्येचा. एवढीशी भर घालायला माणसाला हजारो वर्षं लागली.

पुढे जाण्याआधी एक भुरळ दूर करू. नवी मुंबईत आकड्यांची रेलचेल आहे, पण त्यातले बरेच आकडे संख्या नाहीतच. वाशीचा सेक्टर ९ आणि सेक्टर ८ यांची बेरीज सेक्टर १७ होत नाही. सेक्टर १७ हा सेक्टर १६ पेक्षा मोठाही नाही. ती नावं आहेत, अंकांचा पोशाख घातलेली. याहून गंमत सातबाऱ्याची. ७/१२ हे दिसायला हुबेहूब अपूर्णांकासारखं, पण त्यात भागाकार नाही. गाव नमुना सात आणि गाव नमुना बारा एकाच कागदावर येतात म्हणून त्याला सातबारा म्हणायचं. सर्व्हे नंबर ४५/२ मध्येही कुणी पंचेचाळीसला दोनाने भागत नाही. तेव्हा आकडा दिसला की आधी विचारा: याची बेरीज केली तर काही अर्थ निघेल का? नसेल निघत तर सोडून द्या.

परत खाडीवर या. ओहोटी संपून भरती लागते आहे. वर्तमानपत्रात भरतीची वेळ छापतात, शेजारी आकडा असतो: ४.८ मीटर, कधी १.२ मीटर. हे मीटर कुठून मोजलेले असतात? तळापासून नव्हे. जहाजांच्या नकाशांसाठी जवळपास सर्वांत खालच्या ओहोटीची एक पातळी शून्य मानली आहे, तिथून. जमिनीची उंची सांगताना मात्र समुद्राची सरासरी पातळी शून्य धरतात, आणि मुंबईत या दोन शून्यांमध्ये सुमारे अडीच मीटरचं अंतर आहे. म्हणजे तेच पाणी, तोच क्षण, पण खलाशासाठी आकडा अधिक एक आणि जमीन मोजणाऱ्यासाठी उणे दीड. दोघंही बरोबर.

यावर थोडा वेळ राहा. खलाशांनी शून्य इतकं खाली का नेलं? नकाशात छापलेल्या खोलीपेक्षा पाणी सहसा कमी भरू नये म्हणून. त्यात वजाचं चिन्हही शक्यतो लिहावं लागत नाही. ऋण संख्येची नावड तशी जुनी आहे. ब्रह्मगुप्ताने इसवी सन ६२८ मध्ये धन, ऋण आणि शून्य यांच्या बेरीज-वजाबाकीचे, गुणाकाराचे नियम स्वच्छ मांडून ठेवले, तरी पुढे हजार वर्षं युरोपातले गणिती या संख्यांकडे संशयाने पाहत होते. नवी मुंबईला तेवढी चैन परवडणारी नव्हती. इथल्या खाडीकाठच्या वसाहतींमधली बरीच जमीन मोठ्या भरतीच्या पातळीपेक्षा खाली आहे. म्हणून शहर वसवणाऱ्या सिडकोने धारण तलाव केले. भरती आली की खाडीकडची दारं बंद होतात, पावसाचं पाणी तलावात थांबतं, ओहोटी लागली की बाहेर पडतं. भरतीची रेघ शून्य धरली तर इथली पुष्कळ माणसं ऋण उंचीवर राहतात, संसार करतात, कर भरतात.

पूर्णांक संख्या म्हणजे शून्याच्या दोन्ही बाजूंना पसरलेली ही ओळ. मिळालं काय? कुठलीही वजाबाकी आता अडत नाही. गेलं काय? पहिली संख्या गेली. सुरुवात नावाची गोष्टच उरली नाही. शून्य मधे आहे, तेही आपण ठेवू तिथे. पुढची अजून शाबूत आहे. उणे तीननंतर उणे दोन, त्यानंतर उणे एक.

ती जाते वाटणीच्या वेळी, आणि वाटणीचा विषय या शहरात नाजूक आहे.

सिडकोची स्थापना १९७० ची. नव्या शहरासाठी ठाणे, पनवेल, उरण भागातल्या ९५ गावांची जमीन संपादनात आली. भातशेती आणि मिठागरं गेली, मोबदला तुटपुंजा. जानेवारी १९८४ मध्ये दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली उरण तालुक्यात जासई-दास्तान फाट्याच्या परिसरात आंदोलन झालं, पोलिसांच्या गोळीबारात पाच जण हुतात्मा झाले. त्यातून पुढे जे तत्त्व मान्य झालं त्याला इथलं शेंबडं पोरही नावाने ओळखतं: साडेबारा टक्के. घेतलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित जमीन प्रकल्पग्रस्ताला परत.

या संख्येशी थोडं बसा. साडेबारा टक्के म्हणजे शंभरात साडेबारा. म्हणजे दोनशेत पंचवीस. म्हणजे आठात एक. एकराचे गुंठे चाळीस, म्हणून एकरामागे पाच गुंठे. १२.५/१००, २५/२००, १/८, ५/४० ही वेगवेगळी रूपं दिसतात, संख्या एकच. नैसर्गिक संख्येला असे कपडे बदलावे लागत नाहीत. परिमेय संख्या म्हणजे अशी प्रत्येक संख्या जी एका पूर्णांकाला दुसऱ्याने भागून मिळते. अट एकच, खाली शून्य नको. भास्कराचार्यांनी शून्याने भागलेल्या राशीला ‘खहर’ असं नाव देऊन तिला अनंत मानलं होतं. आजच्या वर्गात ‘असा भागाकार करत नाहीत’ एवढंच सांगतात. मुलांना खहर ऐकायला जास्त आवडेल असा माझा अंदाज आहे.

वाटणी इथे थांबत नाही. त्या साडेबारातले पावणेचार टक्के सार्वजनिक सोयींसाठी कापले जातात आणि हातात पावणेनऊ टक्के उरतात. एकराच्या भाषेत करा: पाच गुंठ्यांतून दीड गेला, राहिले साडेतीन. साडेतीन म्हणजे औट. आजोबांच्या पिढीने शाळेत पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी आणि औटकी घोकून पाठ केली होती. औटकीत दोनला सात, चारला चौदा, आठला अठ्ठावीस. म्हणजे ‘परिमेय संख्या’ हे शब्द कधी न ऐकलेली माणसं परिमेय संख्यांचे पाढे म्हणत होती, आणि जमिनीचा हिशेब तोंडी करत होती. आठ एकर गेलेल्या घराला किती गुंठे यायला हवेत हे त्यांना कागदाशिवाय कळत होतं.

आता डोळे मिटा आणि ९ ते १० एवढीच जागा मनात आणा. वाशीत सेक्टर ९ आहे, सेक्टर १० आहे, आणि सेक्टर ९ए सुद्धा आहे. दोन आकड्यांच्या मधे आणखी एकाची गरज पडली, पूर्णांकांत तिथे जागा नव्हती, म्हणून अक्षर चिकटवलं. परिमेय संख्यांत अशी अडचण कधीच येत नाही. ९ आणि १० च्या मधे साडेनऊ. ९ आणि साडेनऊच्या मधे सव्वानऊ. ९ आणि सव्वानऊच्या मधे नऊ पूर्णांक एक अष्टमांश. कितीही जवळच्या दोघी घ्या, त्यांची बेरीज करून निम्मी करा, तिसरी मधे येऊन बसते. कधीच न थांबता.

म्हणून विचारा: साडेबारानंतर लगेच कोणती संख्या? १२.६ म्हणाल तर मधे १२.५५ आहे. १२.५१ म्हणाल तर १२.५०५ आहे. उत्तर सापडत नाही याचं कारण आपली चिकाटी कमी पडते हे नव्हे. उत्तर नाहीच. ‘लगेच पुढची’ ही कल्पना इथे विरली. वाटणी करता येऊ लागली आणि शेजार गेला. थांबा, आणि हे पटतंय का पाहा. आधी तर्काला पटतं, डोळ्यांना जरा उशिरा.

परिमेय संख्येची आणखी एक खूण आहे, ती भागाकार करतानाच दिसते. एक एकर, वारस सात. चाळीस गुंठ्यांना सातने भागा. पाचाचा भाग, बाकी ५. दशांश चिन्ह देऊन पुढे चला: पन्नासात सात, बाकी १. दहात एक, बाकी ३. तिसात चार, बाकी २. विसात दोन, बाकी ६. साठात आठ, बाकी ४. चाळिसात पाच, बाकी पुन्हा ५. झालं, आता सगळं पहिल्यापासून. ५.७१४२८५७१४२८५... असं ते फिरत राहणार. कारण सातने भागताना उरून उरून बाकी एक ते सहाच असू शकते. सहा पायऱ्यांत एकतर शून्य यावं किंवा एखादी जुनी बाकी परत यावी. म्हणून परिमेय संख्येची दशांश मांडणी एक तर संपते नाही तर फेर धरते. तिसरी वाट तिला नाही.

तिसऱ्या वाटेवर जाणाऱ्या संख्या आहेत. आता कागद घ्या.

पण आधी गुंठा. एक गुंठा म्हणजे १०८९ चौरस फूट. तेहतीस फूट लांब, तेहतीस फूट रुंद चौकोन धरा. बाजू तेहतीस, क्षेत्रफळ १०८९, सगळं कसं पूर्णांकात, साखळीने मोजता येणारं. आता या कोपऱ्यातून समोरच्या कोपऱ्याकडे तिरके चालत जा. किती फूट झाले? पायथागोरसच्या प्रमेयाने, किंवा त्याच्याही आधी बौधायनाच्या शुल्बसूत्राने, कर्णाचा वर्ग १०८९ च्या दुप्पट, म्हणजे २१७८. छेचाळीसचा वर्ग २११६, सत्तेचाळीसचा २२०९. मधे कुठेतरी. टेप लावली तर छेचाळीस फूट आठ इंच भरतील, आणि राहील ती फट एक मिलिमीटरपेक्षाही कमी. कुठलाही मोजणीदार तिथे टेप गुंडाळेल. आपण मात्र त्या फटीपाशी बसणार आहोत.

ए-फोर कागद २१० मिलिमीटर रुंद आणि २९७ लांब असतो. वरची आखूड कड उचलून बाजूच्या लांब कडेवर बरोबर बसवा आणि घडी दाबा. एक तिरकी घडी पडली. ही २१० मिलिमीटर बाजूच्या चौरसाच्या कर्णाची घडी आहे. घडी न उलगडता दुसरा कागद आणून त्याची लांब कड या तिरक्या घडीला लावून पाहा, किंवा त्याच कागदाची लांबी दोऱ्याने मोजून तो दोरा घडीवर ठेवा. दोन्ही सारख्या. नखानेही फरक लागत नाही.

खरं तर फरक आहे. २९७ भागिले २१० म्हणजे ९९ भागिले ७०. या दोघांचे वर्ग करा: नव्व्याण्णवचा ९८०१, सत्तरचा ४९००. सत्तरच्या वर्गाची दुप्पट ९८००. कर्ण बाजूच्या नेमका ९९/७० पट असता तर हे दोन आकडे जुळले असते. एकाने चुकले. कागद कापणाऱ्या यंत्राला हा एक दिसत नाही. कागदावर तो फरक मिलिमीटरच्या पन्नासाव्या भागापेक्षाही कमी आहे, केसाहून बारीक. म्हणूनच कागद मधोमध दुमडला तर त्याच घाटाचा लहान कागद, ए-फाइव्ह, मिळतो आणि झेरॉक्सवाला कडा न कापता मजकूर लहान करून देतो.

हा एक कुठून आला ते पाहा. ७ आणि ५ घ्या: सातचा वर्ग ४९, पाचच्या वर्गाची दुप्पट ५०. एकाने चुकलं. १७ आणि १२: २८९ आणि २८८. पुन्हा एक. ४१ आणि २९: १६८१ आणि १६८२. एक. ९९ आणि ७०: एक. शुल्बसूत्रात वेदीची आखणी करताना दिलेली रीत अशी: बाजूत तिचा तिसरा भाग मिळवा, त्या तिसऱ्याचा चौथा मिळवा, आणि त्या चौथ्याचा चौतिसावा भाग वजा करा. हिशेब केला तर ५७७/४०८ येतात. पाचशे सत्त्याहत्तरचा वर्ग ३३२९२९. चारशे आठच्या वर्गाची दुप्पट ३३२९२८. इतक्या मोठ्या आकड्यांत शिरूनही तोच एक शिल्लक. अपूर्णांक कर्णाच्या अधिकाधिक जवळ सरकतात, एक मात्र हटत नाही.

थांबा. हा एक कधीच शून्य होणार नाही हे कशावरून? श्वास संथ ठेवा आणि पायरीपायरीने या. समजा एखादा अपूर्णांक नेमका बसला. तो शक्य तेवढा लहान करून घ्या, दोनाने भाग जात असेल तर देऊन टाका. वरच्याचा वर्ग खालच्याच्या वर्गाची दुप्पट आहे, म्हणून वरच्याचा वर्ग सम. विषम संख्येचा वर्ग विषमच येतो, म्हणून वरची संख्या स्वतः सम. सम संख्येच्या वर्गाला चाराने भाग जातो. मग खालच्याच्या वर्गाची दुप्पटही चाराने भागली जाणार, म्हणजे तो वर्ग सम, म्हणजे खालचीही सम. दोघीही सम? पण दोनाने भाग जात असेल तो आपण आधीच देऊन टाकला होता. गाडी अडली. असा अपूर्णांक नाही.

म्हणून दोनचं वर्गमूळ अपरिमेय. त्याची दशांश मांडणी १.४१४२१३५... अशी चालते, संपत नाही आणि फेरही धरत नाही. गुंठ्याच्या मापात कुठेही न दिसलेली ही संख्या गुंठ्यातच होती, कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत. ९ आणि १० मधली जागा परिमेय संख्यांनी गच्च भरली आहे असं मघाशी वाटलं होतं ना? ती भरूनही त्यात भोकं होती. ती सगळी बुजवली की अखंड रेषा होते: वास्तव संख्या. वर्तुळाचा पाय (π) याच रेषेवर आहे. तो अपरिमेय असल्याचं लँबर्टने अठराव्या शतकात दाखवलं. शाळेतला २२/७ हा त्याचा शेजारी, तो नव्हे.

वास्तव संख्यांनी काय घेतलं ते चटकन लक्षात येत नाही. प्रत्येक संख्येला नाव असण्याची शक्यता त्यांनी घेतली. जगातली कुठलीही संख्या ओळखू येईल असं वर्णन करायचं तर ते अक्षरांत आणि अंकांत, मर्यादित लांबीचंच करावं लागतं. अशी सगळी वर्णनं, आजवर लिहिलेली आणि पुढे कधीही लिहिली जाणारी, लांबीप्रमाणे एकाखाली एक यादीत लावता येतात. गेओर्ग कँटरने १८७४ मध्ये सिद्ध केलं की रेषेवरच्या संख्या कुठल्याही यादीत मावत नाहीत. तेव्हा बहुतेक वास्तव संख्या कायमच्या बिननावाच्या. दोनचं वर्गमूळ आणि पाय हे नशीबवान, त्यांची ओळख सांगता येते. हे कळल्यावर ‘वास्तव’ या नावाचं मला नेहमी थोडं हसू येतं.

आता रेषा सोडायची आहे. खाडीवरून ठाणे-बेलापूर रस्त्याने उत्तरेला ऐरोलीकडे चला.

मनात रेषेवर उभे राहा, तोंड धन बाजूला. उणे एकने गुणणं म्हणजे मागे वळणं, पूर्ण तोंड फिरवणं. दोनदा मागे वळलात की तोंड मूळ दिशेला. उणे गुणिले उणे अधिक होतं ते यामुळे. मग असं काही आहे का, जे दोनदा केलं की एकदा मागे वळल्यासारखं होईल? म्हणजे जिचा वर्ग उणे एक अशी संख्या? चाळीसगावजवळच्या पाटणशी ज्यांचं नाव जोडलं जातं, ज्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी नातू चांगदेवाने काढलेल्या मठाचा १२०७ सालचा शिलालेख तिथे आहे, त्या भास्कराचार्यांनी बीजगणितात याचं उत्तर स्पष्ट दिलं होतं: धनाचा वर्ग धन, ऋणाचाही वर्ग धन, म्हणून ऋण राशीला वर्गमूळ नाही. रेषेवर उभं राहून पाहिलं तर हे उत्तर शंभर टक्के बरोबर आहे.

पण काटकोनात वळून पाहा. डावीकडे पाव वळसा. आणखी एक पाव वळसा, आणि तुमची पाठ होती तिकडे तोंड झालं. दोन पाव वळसे म्हणजे एक मागे वळणं. जी संख्या हवी होती ती रेषेवर नव्हती, रेषेच्या बाजूला होती. रेषेवरचं अंतर आणि बाजूचं अंतर मिळून होते ती संमिश्र संख्या. एक आकडा पुरत नाही, दोन लागतात.

ऐरोलीत याचा रोजचा उपयोग आहे. राज्याच्या विजेचा भार सांभाळणारं राज्य भार प्रेषण केंद्र तिथे आहे, आणि रस्त्यालगतच्या एमआयडीसी पट्ट्यात मोटारींवर चालणारे कारखाने. मोटारीत विद्युतप्रवाह दाबाच्या थोडा मागे राहतो. त्यामुळे वीज दोन आकड्यांनी सांगावी लागते. समजा प्रत्यक्ष काम करणारी ८० किलोवॅट, आणि काम न करता नुसती ये-जा करणारी ६० केव्हीएआर. तारांतून वाहून न्यायचा भार या दोघींची बेरीज १४० नसतो. काटकोनातल्या दोन बाजूंसारखा त्यांचा कर्ण निघतो, १०० केव्हीए. ऐंशीला शंभराने भागलं की बिलावरचा पॉवर फॅक्टर ०.८. तो घसरला की कारखान्याचं बिल चढतं. ज्या संख्येला भास्कराचार्यांनी नकार दिला तिच्यापायी आता पैसे मोजावे लागतात. विजेचे अभियंते तिला ‘आय’ न म्हणता ‘जे’ म्हणतात, कारण ‘आय’ हे अक्षर त्यांनी प्रवाहासाठी आधीच वापरून टाकलं आहे.

शेवटचं थांबणं. ८० सरळ आणि ६० बाजूला अशी एक संख्या, ६० सरळ आणि ८० बाजूला अशी दुसरी. मोठी कोणती? दोन्हींचा कर्ण शंभरच. एक पूर्वेकडे झुकलेली, दुसरी उत्तरेकडे. बेरीज-गुणाकाराचे नियम सांभाळून या संख्यांना लहान-मोठ्या क्रमात लावण्याची एकही रीत नाही, आणि हे सिद्ध झालेलं आहे. फ्लेमिंगो मोजताना जे गृहीत धरलं होतं, की कुठल्याही दोन संख्यांत एक कमी आणि एक जास्त असणारच, ते इथे सुटलं. बदल्यात मिळालं ते असं की बीजगणितातलं कुठलंही बहुपदी समीकरण आता उत्तराविना राहत नाही.

राज्य मंडळाच्या आठवीच्या गणिताच्या पुस्तकात पहिलंच प्रकरण परिमेय व अपरिमेय संख्यांचं आहे, वास्तव संख्या नववीत येतात, संमिश्र अकरावीत. घरात त्या वयाचं कुणी असेल तर व्याख्या पाठ आहे का हे विचारू नका. साडेबारानंतर लगेच कोणती संख्या, एवढंच विचारा, आणि उत्तर सांगायची घाई करू नका.